आरामखुर्चीचा उजवा हात

खरखर लागली ती राजेश्वरी मॅडमच्या बोटाला. राजपालच्या बोटाला नाही. सकाळचे साडेदहा झाले असतील, बार्शी नाक्याकडून ट्रॅक्टरांचा घरघराट चालू, दुकानात स्पिरिटचा वास कोंडलेला, आणि मॅडम कॉलेजला जाता जाता नुसतं बघून जाऊ म्हणून डोकावलेल्या. खुर्ची त्यांच्या सासूबाईंची, धुरपदाबाईंची, मॅडम त्यांना आत्याबाई म्हणायच्या. जुन्या सागाची आरामखुर्ची, लांब हातांची, आणि हात पण कसे, सरळसोट नाही, घोड्याच्या मानेसारखे वळत गेलेले. राजपालनं महिनाभर तिच्यावर जीव काढला होता. जुनं काळंकुट्ट पॉलिश काचेच्या तुकड्यानं खरवडलं, ढिले सांधे शेजारच्या बब्रुवान सुताराकडून आवळून घेतले, मग ऐंशी नंबरचा काचपेपर, एकशे वीसचा, एकशे ऐंशीचा, तीनशे वीसचा, मग ओलं फडकं फिरवून लाकडाचा रेषा, म्हणजे तंतू, उठवला आणि वाळल्यावर परत तीनशे वीसचा, आणि त्याच्यावर लाखेचे पातळ पातळ सात हात. खुर्ची अशी दिसत होती की काहिलीतनं नुकताच ओतलेला गूळ. मॅडम म्हणल्या, "अय्या मामा, ओळखूच येईना की ओ!" आणि कौतुकानं खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत गेल्या, आणि मनगट टेकतं त्याच्या चार बोटं पुढं त्यांचं बोट थांबलं. माघारी आलं. परत थांबलं. "मामा, इथं जरा खरखर लागतंय का हो?"

राजपालनं बोट लावलं. काच. त्यानं डोळे मिटून परत लावलं, पहिलं बोट, मधलं बोट, मग अंगठ्याचा उंचवटा. काच, नुसती काच, तुपातनं बोट चालल्यासारखं. आणि डोळे उघडले तर मॅडमचं बोट अजून तिथंच, आणि तोंडावर ते आपलं लहानसं, लाजल्यासारखं हसू, की मला काय कळतंय म्हणा, पण लागतंय. तेव्हा राजपाल म्हणला, "त्यो सागाचा रेषा हाय मॅडम. असतंय तसं. बसता बसता जिरंल." मॅडमनी लगेच बोट काढून घेतलं. "तुम्ही म्हणताय म्हणल्यावर विषयच नाही. चार वाजता टेम्पो घेऊन येते. आत्याबाई आज परंड्याहून येतायत, नणंदेकडून. घरात पाय ठेवला की आधी खुर्ची चाचपडणार, आणि नाही सापडली की मग आमचं काही खरं नाही." आणि स्कूटी चालू करून गेल्या. म्हणजे बघा, काही झालंच नाही. बाईनं विचारलं, माणसानं सांगितलं, बाईला पटलं. पण राजपाल तिथंच उभा, हाताला सुटलेला घाम लुंगीला पुसत, कारण पस्तीस वर्षांत लाकडाबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि ते इतकं सोपं निघालं होतं.

आता गावात राजपालचं काय होतं, तर त्याची बोटं होती. पॉलिशवाले काय कमी आहेत का, मशीननं फवारा मारणारे आहेत, दोन दिवसांत अख्खं फर्निचर चकाचक करून देणारे आहेत. पण जुनं लाकूड, कुणाच्या आजोबांचं कपाट, कुणाच्या आईच्या लग्नातला पलंग, असलं काही आलं की माणसं सांजा रोड धरून राजपालकडं यायची. तो शेवटी डोळे मिटायचा, मान जरा वाकडी करायचा, हात फिरवायचा आणि म्हणायचा, झालं. माणसं लाकडाकडं बघायचीच नाहीत, त्याच्या तोंडाकडं बघायची. आणि बोटांतलं हे कळणं कधी गेलं ते त्याला सांगता आलं नसतं. दुखलं असतं तर कळलं असतं की! आधी पाय गेले. मागल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नाक्यावरून चालत येताना भाजीवाली कोंडाबाई मागनं वरडली, "आवं राजपालदादा, चप्पल राहिली की माघारी! एका पायानं कुठं निघालाव?" सगळा बाजार हसला, तोही हसला, माघारी जाऊन चप्पल घातली. डांबर असं तापलेलं, आणि तळपायाला पत्ता नाही. लेक त्याची, संघप्रिया, दवाखान्यात नर्स, तिनं त्याच रात्री पाय मांडीवर घेऊन नायलॉनच्या कडक दोऱ्यानं टोचून बघितलं, पप्पा लागतंय का, आता लागतंय का, आणि तो अंदाजानं हो हो म्हणत गेला. तिनं ओळखलं. साखर, पप्पा, किती वर्षं अंगात घेऊन फिरायलाव तुमी? गोळ्या वाढल्या, जोडे आले. बोटांचं तिनं विचारलं, बोटं कशी आहेत, तर राजपाल म्हणला, बोटांना काय धाड भरलीय. बोटांवर त्यानं तिला येऊच दिलं नाही.

आणि बोटांचं तर आधीपासून निराळंच होतं. रेशनच्या दुकानात ते अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा त्याचा अंगठा उमटेना. पुसून लाव, ओला करून लाव, दुसरा लाव. वर्षानुवर्षं कागद घासून घासून रेघाच उरल्या नव्हत्या. दुकानदार म्हणला, राजपालदादा, सरकारच्या हिशेबानं तुम्ही हायेतच न्हाय. तेव्हा राजपालला त्याचा अभिमान वाटलेला, खरंच, घरी येऊन बायकोला बोटं दाखवली होती, बघ, गुळगुळीत. बायको होती तेव्हा. तेव्हा बोटांना रेघा नव्हत्या पण बोटं मात्र जागी होती, उलट जास्तच जागी, उघड्या जखमेसारखी. आणि मागच्या संक्रांतीला लाख विरघळवताना गरम पाण्यात ठेवलेला डबा त्यानं उचलला आणि दुसऱ्या दिवशी संघप्रिया म्हणली, हे काय पप्पा, फोड कसला. त्यानं बघितलं. चांगला करवंदाएवढा फोड. तो आपला हाय का तिऱ्हाइताचा, असा बघत बसला. तेव्हापासून तो चोरी करायला लागला. चोरीच ती. टेबल असलं की बल्ब आडवा धरायचा, ओरखडा असला तर सावली पडते. पेपर घासताना कान द्यायचा, खरखरीत लाकूड खर्र खर्र बोलतं आणि झालं की नुसतं सुस्स करतं. आणि मग गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून, मान वाकडी करून, हात फिरवून, झालं. नाटक. आठ महिने नाटक चाललं, कारण आठ महिने सगळं सपाट आलं, दारं, टेबलं, कपाटं. खुर्चीचा हात वळणाचा. वळणावर सावली आपली आपणच पडते, तिच्यात ओरखड्याची सावली कशी ओळखायची? आणि काचेच्या तुकड्याची कुठंतरी कपची उडालेली असणार. पूर्वी तो दर चार ओढींनंतर काचेच्या धारेवर अंगठा फिरवून बघायचा. आताही फिरवला होता. फिरवला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं.

तो खुर्चीसमोर पाटावर बसला. कंबर मोडून आली होती, आणि सकाळचे अकराच. त्याला हे काम शिकवणारे गुरुसिद्धप्पा मिस्त्री असे पाटावर बसायचे. नळदुर्गाकडचे, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारे, दुपारच्या जेवणाआधी कपाळाला भस्म लावणारे. राजपालचे वडील आबाराव मजुरीला जायचे, त्यांनी सोळा वर्षांच्या पोराला मिस्त्रींच्या दारात नेऊन उभं केलं आणि म्हणले, हाताला काय तरी कला लागू द्या याच्या. मिस्त्रींनी पोराचे हात उलटेपालटे करून बघितले, हातात घेऊन, ही गोष्ट आबाराव पुढं दहा वेळा सांगायचे, की हातात घेऊन बघितले. मग मिस्त्रींनी आत जाऊन बायकोचा एक लांब केस आणला, पाटावर ठेवला, त्याच्यावर वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि म्हणले, डोळे मीट, केस कुठं हाय सांग. राजपालनं सांगितलं. दोन कागद पसरले. सांगितलं. तीन कागद. तिथं त्याला वेळ लागला, लई वेळ, माशी येऊन कानावर बसली तरी हलला नाही, आणि मग सांगितलं. मिस्त्री उठले आणि म्हणले, उद्यापासनं ये. पाणी प्यायला तांब्या दोन वर्षं वेगळा होता, तेही खरं. पडवीत खुंटीखाली, पितळी, राजपालचा तांब्या. कुणी कधी काही बोललं नाही, तांब्या फक्त तिथं असायचा. आणि त्याच दोन वर्षांत मिस्त्रींनी त्याला तुळजापुरात घरोघर नेलं, देव्हारे दिले करायला, शिसवी, कोरीव, आतले बारीक खांब. घरातल्या म्हाताऱ्या लांबून बघायच्या. मिस्त्री म्हणायचे, याच्या बोटाला जे कळतंय ते मला बी कळत न्हाय, हातच याचा लागला पायजे. म्हणजे ज्यांच्या स्वैपाकघरात त्याचा तांब्या गेला नाही, त्यांच्या देवाच्या घराला आतनं बाहेरनं राजपालची बोटं लागलेली. हे तो कुणाला बोलायचा नाही. पण दमून घरी आला, हात धुवायला बसला, की मनात कुठंतरी ते असायचं, भाकरीसारखं ऊन ऊन. आता तेच गेलं म्हणायचं का? बोटं गेली म्हणजे नुसती बोटं गेली का?

फोन वाजला. तुळजापूरहून शंभुलिंग, लॉजवाला. "राजपालदादा, नवरात्र तोंडावर आलंय आन् दारं सगळी पांढरी पडली की ओ! लाख मारली, सकाळी बघतोय तर भस्म फासल्यासारखी." राजपालनं फोन कानाला लावला आणि त्याचं तोंड आपोआप चालू झालं, तो नुसता ऐकत बसला स्वतःला. "पाऊस पडून गेल्यावर ओल्या हवेत मारली आसंल. हवेतली ओल खाती ती. घाबरू नका, खरवडू नका. दोन दिवस कडक ऊन पडू द्या, मग मलमलचा बोळा करा, आत कापूस, नुसत्या स्पिरिटनं दमट करायचा, भिजवायचा न्हाय. गालावरनं हात फिरवावा तसा हलका फिरवायचा. थांबायचं न्हाय मात्र, बोळा एका जागी थांबला की चिकटला म्हणून समजा. पांढरं जातंय." "आन् तेलाचं काय, एकजण म्हणला शेंगदाण्याचं लावा." "छ्या! ते वाळतच न्हाय, भजं व्हईल दाराचं. तेल लावायचं तर जवसाचं, आन् ती फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, पसरून वाळत घाला, आपली आपण पेट घेत्यात." शंभुलिंग हसला, "मग काय, फटाके आणाया तेरखेड्याला जायचं कामच न्हाय, फटाका घरीच." राजपालही हसला, आणि सवयीनं पुढं म्हणला, "आन् शेवटी डोळे झाकून हात फिरवून बघा. हात खोटं बोलत न्हाय." फोन ठेवला. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, लागत नव्हती, परत मारत होतं, परत. राजपालला वाटलं आपण आता इथंच आडवं व्हावं, भुश्यात, आणि कुणी काही विचारू नये.

एक वाजता त्यानं जेवणाचा डबा उघडला, मिटला. पाटावर शिवणाचा दोरा ठेवला, केस नाही, चांगला जाड दोरा, त्याच्यावर एकच कागद. डोळे मिटले. कागदावर बोट असं फिरत होतं जसं कुणा दुसऱ्याचं बोट लांबच्या खोलीत फिरतंय. त्यानं कागद काढला. दोरा उघडा. तरी बोटाला काही नाही, फक्त दोरा बोटाबरोबर सरकला तेव्हा डोळ्यांना दिसला. मग तो उठून खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला आणि खुर्चीच्या हाताला गाल लावला. लाख गार होती. बरं वाटलं, नुसतंच बरं वाटलं, लहानपणी आईच्या, जाईबाईच्या, मांडीला गाल लावल्यासारखं, आणि दोन मिनिटं तो विसरलाच कशासाठी बसलाय. मग गाल सरकवला तर खर्र. इथं खर्र, तिथं खर्र, सगळीकडंच खर्र. तीन दिवसांची दाढी! लाकूड बोलतंय का दाढी बोलतीय कळायला मार्ग नाही. त्याला हसू आलं, एकट्यालाच. मग त्यानं ओठ पुसले आणि खुर्चीच्या हातावर टेकवले. आणि ओठ, बघा, जागे होते. मनगटाच्या जागेपासून हळूहळू पुढं, चार बोटं पुढं, आणि तिथं होती रेघ. एक नाही, तीन. आडव्या, रेषा तोडून गेलेल्या, मांजरानं पंजा ओढल्यासारख्या. शिकाऊ माणूस करतो तसली चूक. तो ओठ तिथंच ठेवून बसला. खूप दिवसांनी लाकडानं त्याला काहीतरी सांगितलं होतं.

"राजपाल, खुर्चीचा मुका घ्यायलास व्हय रं?"

बब्रुवान. हातात चहाचे दोन कप, दारात. राजपाल झटकन उठायला गेला आणि पायानं साथ दिली नाही, तो तसाच बाजूला कलंडला, भुश्यात. बब्रुवाननं चहा फळीवर ठेवला. "पोरगी शोधायची का तुला दुसरी? सागाची नको, जड पडंल." बब्रुवान अजून एक फेकणार होता, पण त्यानं पाटावरचा दोरा बघितला, कागद बघितला, राजपालच्या ओठाला लागलेली भुशाची पूड बघितली. वीस वर्षं भिंतीला भिंत लावून बसलेला माणूस तो. खाली बसला. चहाचा कप राजपालच्या हातात दिला आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं मुद्दाम दाबली. "पोळतंय का?" राजपाल म्हणला, "व्हय." बब्रुवान म्हणला, "गार हाय त्यो. म्या नाक्यावरनं गप्पा हाणत आलोय." आणि मग दोघं चहा प्यायले, गार. बब्रुवान एवढंच म्हणला, "जाऊ दे की. म्हातारी आंधळी हाय, तिला काय दिसतंय?" राजपाल म्हणला, "म्हणूनच." धुरपदाबाईंचे डोळे काचबिंदूनं गेले त्याला सहा वर्षं झाली होती. खुर्चीत बसून दिवसभर दोन्ही हातांवरून तळवे फिरवत राहतात, असं मॅडमनीच सांगितलेलं. डोळ्यांचं माणूस असतं तर फसलं असतं. ती बाई पहिल्या दिवशी म्हणणार, कुणी केलंय हे, आणि राजपालचं नाव निघणार. आणि आज तिला कळलं म्हणजे उद्या सगळ्यांना. आणि नाही कळलं, समजा, ती काही बोललीच नाही, तर? तर त्याचा हात त्या खुर्चीत तसाच राहणार, खोटा. हे जास्त वाईट होतं.

तो तास दीड तास बसला. तीनशे वीसचा तुकडा बोटाला गुंडाळून रेष्याच्या दिशेनं घासायचा, फडक्यानं पुसायचा, ओठ लावायचा, थुंकायचं, परत. तोंडात लाखेची, सागाची कडू चव. एक रेघ गेली. दुसरी गेली असं वाटलं. मग ओठ सुजून आले, त्यांनाही कळेना. घासलेल्या जागी लाख उडून लाकूड फिकं दिसायला लागलं, त्यानं वर पातळ दोन हात मारले, वाळले, रंग जुळला. डोळ्यांना झक्क. मान इतकी अवघडली होती की त्याला कुठं बघावं कळेना. असं उद्या करायचं? परवा? कपाटांना ओठ लावत फिरायचं गावभर? त्याला संघप्रियेचा नायलॉनचा दोरा आठवला, आणि आपण अंदाजानं म्हणत गेलेलं हो, हो, हो.

चारला टेम्पो आला, आणि टेम्पोच्या मागं रिक्षा. रिक्षातनं मॅडम उतरल्या आणि कपाळाला हात लावून म्हणल्या, "मामा, ऐकेनातच! स्टँडवर उतरल्या आणि घरी चला म्हणलं तर म्हणतात खुर्ची कुठाय तिकडं चल." मागनं धुरपदाबाई, सहावारी, नऊवारीचा हट्ट सुटलेला पण पदर डोक्यावर, एक हात सुनेच्या खांद्यावर आणि तोंड भलतीकडंच. "पॉलिशवाला कुठाय? वास तर यायलाय." बब्रुवाननं खुर्ची पुढं ओढली. म्हातारी बसली. पाठ टेकली, पाय लांब केले, आणि दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवून पुढं सरकवले. डावा सरळ गेला. उजवा चार बोटं पुढं थांबला.

राजपाल म्हणला, "माय, थांबा. तिथं खरखर हाय."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो मॅडमला म्हणला, "सकाळी तुमी म्हणलाव ते खरं हुतं. म्या रेषा हाय म्हणलो. रेषा न्हवता. काचेचे ओरखडे हुते. दुपारी घासले, पण गेले का ऱ्हायले मला सांगता यायचं न्हाय. माझ्या बोटाला लागत न्हाय आता. साखरंनं गेली बोटं." मॅडम म्हणल्या, "अहो मामा..." बब्रुवान टेम्पोकडं बघत होता. म्हातारी मात्र म्हणली, "इकडं ये." राजपाल जवळ गेला, खाली बसला. तिनं हवेतच हात पुढं केला, त्याचा हात सापडला, बोटं एकेक करून चाचपली, शेंगा निवडतात तशी. "कधीपासनं?" "झालं आठ-नऊ म्हैनं." "आन् कुणाला बोलला न्हाईस." "न्हाय." "मुलखाचा येडा. म्या आंधळी झाले तवा पंधरा दिवस दिसतंय दिसतंय म्हणून भिंतीवर आपटत फिरले. कपाळ बघ." आणि खरंच पदर मागं सारून कपाळावरची खूण दाखवली. "घे कागद. म्या सांगते तिथं घास."

मग चालू झालं. "इथं. न्हाय, तिकडं कुठं चाललास, म्या आंधळी का तू? हां. हां, अजून. जोर नगं लावू." पाठ खाजवून घेताना माणूस सांगतं तसं ती सांगत होती, आणि राजपाल घासत होता. तिचं बोट पुढं, त्याचं कागद गुंडाळलेलं बोट मागं. टेम्पोवाला हॉर्न देऊन कंटाळला. शेवटी म्हातारी म्हणली, "बास." राजपालनं फडक्यानं पुसलं, लाखेचा हलका हात दिला. मॅडम सवयीनं त्याच्या तोंडाकडं बघत म्हणल्या, "मामा, झालं का?" राजपाल म्हणला, "मला काय इचारता, त्यांना इचारा."

लाख वाळली तसा धुरपदाबाईंनी तळवा शेवटापर्यंत नेला, माघारी आणला. "हाय अजून एक बारीक. ऱ्हाऊ दे तेवढी."

"न्हाय माय," राजपालनं परत कागद उचलला. "माझ्या दुकानातनं खरखरीत माल कधी गेला न्हाय."

"समदंच गुळगुळीत केलंस तर हात कुठवर आला ते मला कळायचं कसं? ऱ्हाऊ दे. तुला लागतीय का ती?"

"न्हाय."

"मग तुझ्या दुकानातनं गुळगुळीतच गेली की!"

बब्रुवान फसकन हसला, मग मॅडम, मग टेम्पोवालासुद्धा. राजपालला हसू आलं का काय आलं सांगता येत नाही, त्यानं तोंड फडक्यानं पुसलं. म्हातारीला रिक्षात बसवलं. खुर्ची उचलून टेम्पोत ठेवली, खाली गोणपाट घातलं, कडांना चिंध्या लावल्या, सुतळी फळीला आवळली. ओढली, परत ओढली. मग टेम्पोच्या खाली उभ्या बब्रुवानला तो म्हणला, "बब्रू, वर ये जरा. गाठ बसलीय का बघ रं, मला कळंना."